जुनं इंजिन बसवण्याआधी कोणते पार्ट बदलायचे? ३०० रुपयांच्या सीलचा हिशोब



सेकंडहँड फोन घेताना आपण काय काय बघतो? बॅटरी हेल्थ, स्क्रीन बदललीय का, आयएमईआय बरोबर आहे का. आणि फोन उघडावाच लागला तर दुकानदाराला सांगतो, "बॅक काढतोच आहेस तर बॅटरी पण टाकून दे." हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा. आजचा सगळा लेख त्याच वाक्यावर आहे, फक्त फोनच्या जागी गाडीचं इंजिन आहे.

आधीच सांगतो, मी मेकॅनिक नाही. डिग्री इंजिनिअरिंगची आहे, पण कॉम्प्युटरची. वर्कशॉपशी माझा संबंध फर्स्ट इयरला लोखंडाचा तुकडा कानशीने घासण्यापुरता आला आणि तो तुकडाही शेवटी मित्रानेच घासून दिला. पण गेल्या वर्षी मामांच्या गाडीत जुनं इंजिन बसवायची वेळ आली, आणि कोणते पार्ट नवीन टाकायचे, कोणते तसेच ठेवायचे हे ठरवायचं काम माझ्याकडे आलं. त्यात एक निर्णय मी साफ चुकवला. ती चूक कशी झाली हे समजलं तर तुमचे पैसे वाचतील, म्हणून सविस्तर लिहितोय.

इंजिन गेलं कसं?

मामा वाईला राहतात. गाडी २००९ ची वॅगनआर, पेट्रोल, चार सिलिंडरचं १०६१ सीसी इंजिन. मामींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, त्यामुळे फिजिओथेरपीला साताऱ्याला नेणं-आणणं याच गाडीवर. नवीन गाडी घ्यायची नाही हे मामांनी आधीच ठरवलेलं.

मे महिन्यात पसरणी घाटात रेडिएटरचा होस पाईप फुटला. टेम्परेचरचा काटा वर गेला, बॉनेटमधून वाफ आली. मामांना वाटलं, पाचगणी आलीच आहे, तिथे थांबू. ते जे शेवटचे दोन-तीन किलोमीटर झाले, त्यात इंजिन गेलं. हेड वाकलं, पिस्टनच्या रिंगा गेल्या, सिलिंडरवर ओरखडे आले.

(हे एवढं एक वाक्य आत्ताच पाठ करा: काटा लाल पट्ट्याकडे गेला की गाडी तिथेच बाजूला घ्यायची आणि बंद करायची. घाट असो, पाऊस असो, पाहुणे खोळंबलेले असोत.)

गॅरेजवाल्या मिस्त्रींनी दोन पर्याय दिले. आहे ते इंजिन पूर्ण बांधायचं, म्हणजे बोअर, नवीन पिस्टन, हेडचं काम, अंदाजे ३८,००० रुपये. किंवा त्याच मॉडेलचं चालू इंजिन जुन्या बाजारातून आणायचं. मी कामाला ऐरोलीत, त्यामुळे कुर्ल्याला सीएसटी रोडवर जाऊन इंजिन बघणं मला शक्य होतं. शेवटी १८,००० ला एक मिळालं.

विकत घेण्याआधी: फोन खिशात असतोच, वापरा

"फक्त पंचावन्न हजार चाललंय, भाई." हे वाक्य प्रत्येक दुकानात ऐकलं. इंजिनाला स्वतःचं मीटर नसतं, ते गाडीच्या डॅशबोर्डवर असतं आणि ती गाडी केव्हाच भंगारात गेलेली असते. त्यामुळे या आकड्याची किंमत शून्य धरा.

त्याऐवजी तीन गोष्टी बघितल्या. पहिली, ऑइल टाकायचं झाकण उघडून आतली बाजू. तिथे कॉफीच्या फेसासारखा पिवळट-पांढरा चिकटा असेल तर ऑइलमध्ये पाणी मिसळत असण्याची शक्यता आहे.

दुसरी, सिलिंडरच्या आत डोकावणं. फोनला टाईप-सीने जोडायचा एंडोस्कोप कॅमेरा मिळतो, पेन्सिलपेक्षा बारीक, टोकाला एलईडी. स्पार्क प्लग काढायचा आणि त्या भोकातून कॅमेरा आत सोडायचा. सिलिंडरच्या भिंतीवर कंपनीने मारलेल्या बारीक तिरप्या जाळीच्या रेषा अजून दिसत असतील तर चांगलं लक्षण. उभे खोल ओरखडे दिसले तर पुढच्या दुकानात जा. अजून एक गंमत आहे: तीन पिस्टनची डोकी काजळीने काळी आणि एक मात्र घासून पुसल्यासारखं स्वच्छ दिसलं, तर खूश होऊ नका. त्या सिलिंडरमध्ये कूलंट झिरपत असेल आणि त्याच्या वाफेने ते धुतलं जात असेल, म्हणजे हेडचं पॅकिंग संशयास्पद. एका दुकानात मला अगदी असंच दिसलं.

तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची, कॉम्प्रेशन टेस्ट. प्लगच्या जागी प्रेशर गेज लावायचा आणि सेल्फ मारून इंजिन फिरवायचं. आम्ही घेतलेल्या इंजिनाचे आकडे आले १६५, १६०, १७० आणि १६० पीएसआय. नुसता आकडा मोठा असून भागत नाही, चारही आकडे जवळजवळ हवेत. एखादा सिलिंडर खूप कमी दाखवत असेल तर त्यात चमचाभर ऑइल टाकून परत मोजायचं. आकडा वर आला तर रिंगा झिजल्यात, कारण ऑइलने ती फट तात्पुरती भरली. जराही हलला नाही तर व्हॉल्व्ह किंवा हेडकडे बघायचं. किती साधं डीबगिंग आहे बघा, एकच इनपुट बदलायचं आणि आउटपुट बघायचं.

माझ्याकडे ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर पण होता, मोठ्या ऐटीत नेला होता. २००९ च्या गाडीसमोर तो काही बोललाच नाही. असो.

आणि कागद. इंजिन नंबर आरसीवर असतो, विम्याच्या पॉलिसीतही असतो. तुम्ही इंजिन बदललं की नंबर बदलतो, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे हा बदल आरटीओकडे कळवून आरसीवर चढवून घ्यावा लागतो. त्यासाठी इंजिनाचं पक्कं बिल हवं, आणि ते ज्या गाडीतून निघालं तिच्या कागदांची प्रत मिळाली तर उत्तम. ब्लॉकवर खोदलेला नंबर घासलेला किंवा परत ठोकलेला दिसला तर इंजिन फुकट मिळालं तरी घेऊ नका. ते चोरीच्या गाडीचं असू शकतं, आणि मग हिशोब हजारांत राहत नाही.

मूळ प्रश्न: काय बदलायचं?

इंजिन टेम्पोने वाईला पोचलं. गॅरेजमध्ये चेन कप्पीला लटकलेलं इंजिन पहिल्यांदा बघितलं तेव्हा कळलं की या क्षणी प्रत्येक गोष्ट हाताशी आहे. एकदा ते गाडीत बसलं, गिअरबॉक्स जोडला गेला, की यातल्या अर्ध्या गोष्टी परत सहजासहजी दिसणारही नाहीत.

इथे लोक दोन टोकांना जातात. एक टोक मामांचं: "गळत नाय, वाजत नाय, मग कशाला बदलायचं?" दुसरं टोक म्हणजे सगळंच नवीन टाका. पण सगळं नवीन टाकायचं तर मग जुनं इंजिन घेतलं कशाला?

मी अर्थातच एक्सेल शीट केली. पार्टचं नाव, किंमत, आणि तिसरा कॉलम, "सध्या खराब आहे का?" जिथे "हो" तिथे बदलायचं, जिथे "नाही" तिथे राहू द्यायचं. शीट दिसायला फार छान होती. तिसरा कॉलमच चुकीचा होता.

बरोबर प्रश्न असा आहे: हा पार्ट आत्ता बदलायला किती जास्तीचे पैसे लागतील, आणि आत्ता न बदलता तो नंतर गेला तर एकूण किती लागतील? पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागा. जी टक्केवारी येईल तो तुमचा उंबरठा. पार्ट खराब व्हायची शक्यता त्या टक्केवारीपेक्षा जास्त वाटत असेल तर आत्ताच बदला, कमी वाटत असेल तर राहू द्या.

उदाहरण घेऊ. आकडे आमच्या बिलातले आहेत, तुमच्या गावात, तुमच्या गाडीला वेगळे असतील.

डायनामो, म्हणजे अल्टरनेटर. आत्ता दुरुस्त करून घ्यायचा तर २,५००. नंतर बिघडला तर तेच २,५०० आणि काढ-घालीची मजुरी ३००, म्हणजे २,८००. भागाकार ८९ टक्के. म्हणजे तो जाणारच आहे अशी जवळपास खात्री असेल तरच आत्ता हात लावायचा. सेल्फचंही तेच. बाहेर बोल्टवर लटकलेल्या वस्तू कधीही बदलता येतात. शिवाय मामांच्या जुन्या इंजिनावरचा डायनामो दोन वर्षांपूर्वीच दुरुस्त झालेला होता, तोच उचलून नव्या इंजिनाला लावला. दोन इंजिनं समोर असताना चांगलं ते निवडता येतं, हा जुन्या इंजिनाचा मोठा फायदा आहे. सेन्सरही आम्ही मामांच्याच इंजिनावरचे घेतले, कारण ते घाटापर्यंत नीट चालत होते हे माहीत होतं.

आता वॉटर पंप. किंमत ९५०, इंजिन बाहेर असताना मजुरी जवळपास नाहीच. नंतर गेला तर ९५० आणि टायमिंगची बाजू उघडायची मजुरी धरून २,७५०. उंबरठा साधारण ३५ टक्के. पण थांबा. पंप गळून पाणी संपलं, आणि मामा परत घाटात असले तर? मग नंतरच्या खर्चात अख्खं इंजिन आणि ते बसवायची ८,००० मजुरीही येते. उंबरठा एकदम ४ टक्क्यांच्या आत. पंप बदलला.

टायमिंग बेल्टबद्दल तर चर्चाच नको. क्रँकशाफ्ट दोनदा फिरला की कॅमशाफ्ट एकदा फिरतो, आणि हा मेळ या इंजिनात एका रबरी दातेरी पट्ट्यावर अवलंबून आहे. पट्टा तुटला की गाडी जागेवर बंद, आणि ज्या इंजिनांत व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकाच जागेत येऊ शकतात तिथे दोघांची टक्कर होऊन हेडचं काम निघतं. बेल्ट बघून कळत नाही. दिसायला नवा असलेला बेल्टही दहा वर्षांचा असू शकतो, आणि रबर किलोमीटरनी जसं संपतं तसं वयानेही संपतं. जिथे इतिहास माहीत नाही तिथे "संपलेला" असंच धरायचं. बेल्टसोबत टेन्शनरचं बेअरिंगही घ्या. नवा बेल्ट आणि खरखरणारं जुनं बेअरिंग हे नव्या फोनला फुटक्या केबलने चार्ज करण्यासारखं आहे. ज्या गाड्यांत बेल्टऐवजी चेन असते (पुढे आलेल्या के-सिरीज इंजिनात आहे) तिथे गणित वेगळं: आवाज ऐकायचा, टेन्शनर बघायचा, आणि ठीक असेल तर चेन राहू द्यायची.

क्लचची प्लेट आम्ही मोजली. प्लेटवरचं अस्तर रिव्हेटच्या डोक्यापेक्षा किती वर आहे हे बघायचं, रिव्हेट जवळ आली की प्लेट संपली. कुर्ल्याच्या इंजिनासोबत आलेली प्लेट जवळजवळ सपाट होती, मामांची त्याहून थोडी बरी. प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग असा सेट २,६०० ला. नंतर करायचं तर त्यावर गिअरबॉक्स उतरवायचे ४,०००. बदलला.

बाकी किरकोळ गोष्टी मिस्त्रींनी न विचारताच लिहून घेतल्या: प्लग, ऑइल, फिल्टर, टॅपेट कव्हरचं पॅकिंग, इनटेक आणि एक्झॉस्टची पॅकिंगं, ऑइल प्रेशरचा स्विच, फॅन बेल्ट. यात डोकं लावायची गरज नाही. इंजिन आणि गिअरबॉक्सची फाउंडेशन रबरं मात्र हाताने हलवून बघा. आमचं एक फाटलेलं होतं, तेवढं बदललं.

जे उघडू नये ते

हेड. मला फार इच्छा होती की हेड उघडून व्हॉल्व्ह, पॅकिंग सगळं एकदा बघून घ्यावं. मिस्त्री म्हणाले, "इंजिनियरसाहेब, कॉम्प्रेशन आलंय ना चारहीला? मग बसलेलं मूल उठवू नका."

हिशोबही तेच सांगतो. हेड उघडलं की नवीन पॅकिंग, लेथवर फेसिंग, मजुरी, मिळून ४,५०० च्या आसपास. नंतर करायची वेळ आली तर ६,००० धरा. उंबरठा ७५ टक्के. चारही सिलिंडर १६० किंवा त्याहून जास्त दाखवत असताना हेड पॅकिंग जायची शक्यता एवढी नक्कीच नाही. वर उघडण्याचाही एक धोका असतो: बोल्ट चुकीच्या क्रमाने आवळले, पृष्ठभागावर कचरा राहिला, की चालू वस्तू बिघडलीच. आमच्या क्षेत्रात चालू कोडला शुक्रवारी संध्याकाळी हात लावत नाहीत, तसंच.

खालचं ऑइल चेंबर मात्र आम्ही उघडलं, आणि ते प्रत्येकाने उघडावं. त्यात बघायचं असतं ते तळाशी काय बसलंय. चमकणारे धातूचे कण असतील तर बेअरिंग झिजतायत, इंजिन परत द्या. आमच्यात फक्त काळा गाळ होता. ऑइल ओढणाऱ्या जाळीवर तो चिकटला होता, ती धुतली, चेंबर नवीन सिलिकॉन लावून बसवलं.

गाडीतला बग तसाच राहिला तर?

हे कुणी सांगत नाही, आणि माझ्या मते पार्टच्या यादीपेक्षा हे जास्त महत्त्वाचं आहे. जुनं इंजिन ज्या कारणाने मेलं ते कारण इंजिनात नसून गाडीत असेल, तर नवीन इंजिनही त्याच कारणाने मरेल. सर्व्हर बदलला आणि बग तोच राहिला, तर तो नव्या सर्व्हरवरही क्रॅश होणार.

होस फुटला हे खरं. पण का? मामा गेली कित्येक वर्षं कूलंटऐवजी बोअरचं पाणी टाकत होते. रेडिएटर काढून बघितला तर आत क्षाराचा थर, आपल्या गिझरच्या कॉइलवर बसतो तसा. थर्मोस्टॅट व्हॉल्व्ह काढला आणि त्याची टेस्ट मामींच्या पातेल्यात केली. पाणी तापवत ठेवायचं, त्यात व्हॉल्व्ह दोऱ्याने लटकवायचा, सोबत थर्मामीटर. साधारण ८० ते ९० अंशांच्या दरम्यान तो उघडायला लागतो आणि पाणी उकळेपर्यंत पूर्ण उघडलेला हवा. आमचा पाणी उकळलं तरी अर्धाच उघडला. (पातेलं परत स्वयंपाकात जाणार नाही हे मामींनी त्याच वेळी जाहीर केलं.)

म्हणजे नवीन इंजिन तसंच बसवलं असतं तर घाटात तोच प्रकार परत. रेडिएटर, त्याचं झाकण, दोन्ही होस आणि थर्मोस्टॅट नवीन घेतले. रेडिएटरचा पंखा थेट बॅटरीवर लावून फिरतो का बघितला. या सगळ्याचा खर्च इंजिनाच्या पार्टमध्ये येत नाही, म्हणून लोक तो टाळतात.

आणि आता ती चूक

क्रँकशाफ्ट इंजिनाच्या दोन्ही बाजूंनी बाहेर येतो. जिथून तो बाहेर येतो तिथे ऑइल बाहेर पडू नये म्हणून रबरी ओठाची एक रिंग असते, ती ऑइल सील. पुढचं सील टायमिंग बेल्टच्या बाजूला, मागचं फ्लायव्हीलच्या मागे. पुढची सीलं मिस्त्रींनी बदललीच, कारण ती गळली तर ऑइल नव्या बेल्टवर येतं.

मागच्याबद्दल त्यांनी मला फोन केला. मी ऑफिसमध्ये होतो, मीटिंग चालू होती. "मागचं पण टाकू का? ३०० चं आहे, फ्लायव्हील खोलावं लागेल." मी शीट उघडली. मागचं सील, सध्या खराब आहे का? नाही. सुकं होतं, थेंबही नव्हता. म्हणालो, "राहू द्या."

क्लच बदलायला सगळं उघडलेलं होतं. सील आणि आमच्यामध्ये फ्लायव्हीलचे मोजून सहा बोल्ट होते.

गाडी मस्त चालू झाली. ७०० किलोमीटर झाल्यावर मामांचा फोन: पार्किंगच्या फरशीवर डाग पडतोय. पुढच्या आठवड्यात क्लच घसरायला लागला, चढावर इंजिन ओरडायचं पण गाडी ओढायची नाही. मामींच्या थेरपीचे दोन आठवडे एसटी आणि रिक्षात गेले, तेही वॉकर घेऊन. हे मला पैशांपेक्षा जास्त लागलं.

आधी खात्री केली, कारण वरून टॅपेट कव्हरचं ऑइल ओघळूनही खाली तिथेच येतं. सगळं पुसून कोरडं केलं, थोडी गाडी चालवली, परत बघितलं. वरचं सगळं कोरडं, आणि इंजिन-गिअरबॉक्सच्या सांध्यातून खाली थेंब. मागचं सीलच होतं.

सुकं सील का गळलं? कारण ते इंजिन दुकानात कित्येक महिने पडून होतं. सीलचा रबरी ओठ शाफ्टवर ऑइलच्या पातळ थरावर घासत असतो. इंजिन पडून राहिलं की तो थर जातो, जुनं रबर कडक होतं आणि एकाच आकारात बसतं. बंद इंजिनात ते गळत नाही, कारण तिथे गळायला ऑइल उडतच नाही. मग एक दिवस शाफ्ट मिनिटाला तीन हजार फेरे मारायला लागतो. म्हणजे "सध्या गळतंय का?" या प्रश्नाला बंद इंजिनाकडून मिळणारं उत्तर मुळातच बिनकामाचं होतं. टेस्ट केस चुकीचा, रिझल्ट पास.

अजून एक सापडलं. इंजिनाच्या आत तयार होणारा वायू बाहेर काढून परत इनटेकमध्ये सोडणारा पीसीव्ही व्हॉल्व्ह गाळाने तुंबलेला होता. त्यामुळे आत दाब वाढत होता आणि तो दाब ऑइलला कमकुवत जागेतून बाहेर ढकलत होता. तो व्हॉल्व्ह धुवायला दहा मिनिटं लागतात, हातात घेऊन हलवला तर आतला भाग खडखडला पाहिजे. नवीन सीलं टाकून हा तुंबलेलाच ठेवला तर ती नवीन सीलंही गळू शकतात.

आता हिशोब मांडू, जो मी आधी मांडायला हवा होता. आत्ताचा खर्च ३००. नंतरचा: गिअरबॉक्स उतरवायचे ४,०००, ऑइलने भिजलेली नवीकोरी क्लच प्लेट १,३००, आणि सील ३००. एकूण ५,६००. उंबरठा ५ टक्के. महिनोन्‌महिने पडून असलेल्या, वय माहीत नसलेल्या इंजिनाचं सील पुढच्या काही वर्षांत गळायची शक्यता ५ टक्क्यांपेक्षा कमी आहे, असं कोण म्हणेल?

"पुढच्या काही वर्षांत" हे पण आकड्यात धरा. मामांच्या गाडीला १५ वर्षं झाल्यावर २०२४ मध्ये आरसीचं नूतनीकरण पाच वर्षांसाठी झालंय. म्हणजे आम्हाला इंजिन २०२९ पर्यंत चालायला हवं, वीस वर्षं नाही. यामुळेच नवीन पिस्टन, हेडचं काम असल्या गोष्टी मी सोडल्या, आणि तो निर्णय अजूनही बरोबर वाटतो. पण सीलसारख्या स्वस्त आणि खोल दडलेल्या वस्तूला चार वर्षंसुद्धा खूप झाली. याच कारणाने गिअरबॉक्स खाली असताना त्याच्या इनपुट शाफ्टचं आणि ड्राइव्ह शाफ्टची सीलंही बदला. आम्ही दुसऱ्या खेपेला बदलली.

सील बसवताना मिस्त्रींनी दोन गोष्टी केल्या त्या बघण्यासारख्या होत्या. ओठाला आधी बोटाने ऑइल लावलं, सुकं बसवलं तर पहिल्याच सेकंदात तो जळतो. आणि जुन्या सीलने शाफ्टवर जिथे बारीक खाच पाडली होती, तिथेच नवं सील न बसवता ते एक-दीड मिलिमीटर अलीकडे ठेवलं, म्हणजे ओठ गुळगुळीत जागेवर येतो.

पहिला स्टार्ट

बसवण्याआधी एक काम मात्र मी नीट केलं होतं. जुनं इंजिन काढताना प्रत्येक कनेक्टरचा आणि पाईपचा फोटो, त्यावर मास्किंग टेप आणि नंबर, आणि एक सलग व्हिडिओ. सगळं एका अल्बममध्ये टाकून मिस्त्रींना शेअर केलं. जोडताना एकही वायर उरली नाही.

चालू करताना घाई करू नका. आधी स्पार्क आणि पेट्रोलचं कनेक्शन काढून नुसता सेल्फ मारायचा, ऑइलचा लाल दिवा विझेपर्यंत, म्हणजे बेअरिंगपर्यंत ऑइल पोचलं. सेल्फ तापू नये म्हणून मधे थांबत थांबत. मग कूलंट भरून, हीटर चालू ठेवून, आतली हवा बुडबुड्यांनी निघून जाऊ द्यायची. हवा अडकली तर काटा खोटं सांगतो. पंखा स्वतःहून चालू होऊन बंद होईपर्यंत गाडीपासून हलायचं नाही. पहिलं ऑइल हजार किलोमीटरच्या आत बदलायचं, कारण आतला सुटलेला गाळ त्यात येतो.

गाडी आता व्यवस्थित आहे, आरसीवर नवा इंजिन नंबर चढलाय, आणि मामा गाडीत कूलंटचा कॅन ठेवतात. शीटमधला तिसरा कॉलम मी डिलीट केलाय, त्या जागी "परत उघडायला किती?" असा कॉलम आहे. जुनं सील मिस्त्रींनी आठवण म्हणून दिलं. ऑफिसच्या डेस्कवर मॉनिटरखाली ठेवलंय, त्यात चहाचा कप बरोबर बसतो.